कांदापट्टी वाचणारा साक्षर कोणता?

१९११ च्या जनगणनेत साक्षरतेची कसोटी सोपी होती: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे. पुढे ती ‘कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणे’ अशी झाली, आणि १९९१ पासून टक्का काढताना सात वर्षांखालची मुले वगळली गेली.

सगळी गोची ‘समजून’ या शब्दात आहे. प्रगणक दारात उभा, घरातला एक जण सगळ्यांची माहिती सांगणार. सासूला सही येते, मग तिला साक्षर सांगायचे की नाही, हे सुनेच्या तोंडी. वाचायला कागद कुणी पुढे धरत नाही. २०११ मध्ये नाशिक जिल्ह्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या पुढे निघाली, ती अशीच. याच जिल्ह्यातल्या सुरगाण्यात घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी बाई छापील मराठी ओळ अडखळत वाचते. तिला त्यातले किती कळले, याला रकाना नाही.

१९८८ नंतरच्या राष्ट्रीय साक्षरता मोहिमेने निदान घड्याळ तरी लावले. मोठ्याने वाचन मिनिटाला ३० शब्द, मनात ३५, पाहून लेखन ७, श्रुतलेखन ५. वेग म्हणजे समज नव्हे, तरी विचारून टिक करण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

१९९४ पासून काही श्रीमंत देशांनी हो-नाहीच सोडले. औषधाच्या लेबलासारखे रोजचे कागद हाती देऊन शून्य ते ५०० गुण आणि त्यावरून पातळ्या. आपल्याकडे लासलगावच्या बाजारातली कांदापट्टी, म्हणजे कांदा विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी हिशेबाची चिठ्ठी, घ्या. आपले नाव सापडणे ही एक पायरी, निव्वळ रक्कम कुठे लिहिली ते कळणे दुसरी. वजनाला भावाने गुणून, काही कपात असेल तर ती वजा करून ती रक्कम जुळते का पाहणे, ही बरीच वरची. आपल्या जनगणनेत तिघेही ‘साक्षर’.

आताच्या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातली (‘उल्लास’) राज्यातली चाचणी १७ मार्च २०२४ च्या रविवारी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नापास कुणी नाही, ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा. शब्द मायेचा आहे, पण ५० पैकी १७ वाला आणि ४९ वाला दोघे एकाच यादीत जातात. त्याच वर्षी केंद्राने व्याख्येत डिजिटल आणि आर्थिक साक्षरताही घातली, आणि ९५ टक्के म्हणजे पूर्ण साक्षर असे ठरवले. चाचणीचे भाग मात्र तेच तीन.