दारू सोडण्याचे पहिले आठवडे

दीर्घकाळ रोज दारू पिणाऱ्या व्यक्तीने ती थांबवल्यानंतरचा साधारण पाच-सहा आठवड्यांचा काळ. पहिल्या चार-पाच दिवसांत शरीराला दारूविना चालण्याची सवय करून घ्यावी लागते. या दिवसांत जिवाला धोका असू शकतो आणि तो टाळणारी औषधे उपलब्ध आहेत. नंतरच्या आठवड्यांत प्रश्न येतो तो झोपेचा, मनःस्थितीचा, पिण्याच्या ओढीचा आणि घरातल्या नात्यांचा. आपल्याकडे मात्र या सगळ्याला निश्चयाची परीक्षा मानतात. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की दारू सुटायलाच हवी, नाही सुटली तर माणूसच खोटा, असा हिशेब असतो. या समजुतीपायी पुष्कळ माणसे हकनाक गेली आहेत. फिट यायची असेल तर शपथेने ती थांबत नाही.

मद्य मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या उत्तेजक रसायनाचा प्रभाव दडपते. पिणे रोजचे झाले की तोल राखण्यासाठी मेंदू उलट दिशेने जोर लावत राहतो. रस्सीखेचीत एका बाजूने अचानक दोर सोडला की दुसरी बाजू कोसळते, तसे दारू एकदम बंद झाल्यावर होते. आवर घालणारे काही उरत नाही आणि सारी मज्जासंस्था खवळते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळते, झोप उडते. ज्याला सकाळी चहाचा कप धरण्याआधी थोडी ‘घ्यावी लागते’, त्याला हीच लक्षणे रोज सौम्य रूपात येत असतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. काहींना कुणीतरी बोलावल्याचे आवाज येतात, भिंतीवर किडे दिसतात. पण आपण कुठे आहोत याचे भान शाबूत असते.

भान जाते ते ‘डिलिरियम ट्रेमेन्स’मध्ये. ही अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान सुरू होते आणि तीन-चार दिवस टिकते. रुग्णाला दिवसरात्र कळत नाही, घरचे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. पुष्कळदा तो आपला धंदाच करू लागतो. शिंपी हवेत टाके घालतो, रिक्षावाला अंथरुणात बसून हँडल वळवतो. उपचार न झाल्यास यात मृत्यूचे प्रमाण मोठे आहे. वेळेवर उपचार मिळाल्यास ते शेकडा पाचाच्या आत येते. दारू सोडणाऱ्या थोड्यांनाच ही अवस्था गाठते, पण पूर्वी एकदा आकडी किंवा भ्रम झालेल्यांना धोका अधिक असतो. सोडणे आणि पुन्हा सुरू करणे वारंवार घडले तर पुढची लक्षणे आणखी तीव्र होत जातात. काही घरांत या अवस्थेला बाहेरची बाधा समजून रुग्णाला मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास वाया जातात.

दुसरा घात लपवाछपवीमुळे होतो. मांडीचे हाड मोडून माणूस रुग्णालयात दाखल होतो, शस्त्रक्रिया नीट पार पडते आणि तिसऱ्या रात्री तो सलाइन उपटून पळू लागतो. तो रोज किती पितो हे नातेवाइकांनी लाजेपोटी सांगितलेले नसते. कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल होताना ही माहिती डॉक्टरला द्यायलाच हवी.

इंग्लंडमध्ये टॉमस सटन या वैद्याने १८१३ मध्ये डिलिरियम ट्रेमेन्सचे वर्णन केले. तरी हा त्रास दारू बंद केल्याने होतो, की दारूच्या विषारीपणाने, की कुपोषणाने, यावर पुढे शतकभराहून अधिक काळ वाद चालला. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी कैदी स्वयंसेवकांना उत्तम आहार व जीवनसत्त्वे देऊन आठवडेच्या आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम थांबवली. आकड्या आल्या, भ्रमही झाले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने वादाचा निकाल लावला. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही.

उपचारात क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा यकृत खराब असल्यास लोराझेपाम ही मज्जासंस्था शांत करणारी औषधे देतात आणि काही दिवसांत कमी करत बंद करतात. ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावतो. याइतकेच महत्त्व थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाला आहे. दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याचा साठा आटलेला असतो. अशा वेळी थायमिनशिवाय नुसते ग्लुकोज चढवले तर वेर्निके हा मेंदूचा विकार उफाळू शकतो. त्यात गोंधळलेपण येते, डोळ्यांची हालचाल बिघडते आणि चालताना तोल जातो. वेळीच थायमिनची इंजेक्शने न मिळाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ असा आग्रह गल्लोगल्ली धरला जातो, म्हणून हे ठळकपणे सांगावे लागते.

महाराष्ट्रात दारू सोडण्याचा सर्वांत परिचित मुहूर्त म्हणजे श्रावण. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर, कित्येकदा गणपती होईपर्यंत, हात लावायचा नाही. अधूनमधून पिणाऱ्याला याने फायदाच होतो. रोज सकाळपासून पिणाऱ्याने मात्र आदल्या रात्री भरपूर पिऊन एकदम थांबणे धोक्याचे आहे. त्याने श्रावणाआधी डॉक्टरांना भेटावे. दुसरी वाट वारकरी संप्रदायाची. तुळशीची माळ घातली की मद्य-मांस वर्ज्य. या व्रतामागे गाव उभे राहते आणि संध्याकाळी हरिपाठाला किंवा भजनाला बसायला जागा मिळते. पुढच्या आठवड्यांत खरा आधार असतो तो या भरलेल्या संध्याकाळचा.

सक्तीने दारू तुटली की काय होते, हे टाळेबंदीत दिसले. मार्च २०२० च्या अखेरीस देशभर दुकाने एकाएकी बंद झाली. केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. एप्रिल २०२१ मध्ये दुकाने पुन्हा बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला.

पहिला आठवडा सरला की भूक परतते, गोड खावेसे वाटते, चेहऱ्यावरची सूज उतरते, रक्तदाब खाली येतो. यकृतात साठलेली चरबी दोन ते सहा आठवड्यांत ओसरू लागते. झोप मात्र लवकर वळणावर येत नाही. स्वप्ने फार पडतात आणि त्यांत माणूस पितो. दचकून उठल्यावर खरेच प्यायलो की काय, अशी शरम वाटते. हे स्वप्न या काळात सर्रास पडते आणि तो निश्चय ढळल्याचा पुरावा नव्हे. उदासपणाही असतो. तो पुष्कळांत तीन-चार आठवड्यांत आपोआप निवळतो, म्हणून स्वतंत्र नैराश्याचे निदान करताना मानसोपचारतज्ज्ञ सहसा तेवढा काळ थांबतात. आत्महत्येचे विचार बोलून दाखवले गेले तर मात्र थांबायचे नसते.

ओढ लाटेसारखी चढते आणि न प्यायल्यास बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत ती जास्त जोर धरते. म्हणूनच संध्याकाळी सहा-सातला पोटभर खाऊन घ्या, हा साधा सल्ला फार कामाचा ठरतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झाली. आज महाराष्ट्रातही तिच्या सभा भरतात आणि ‘फक्त आजचा दिवस’ या सूत्रावर माणसे तग धरतात. पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. शरीर सावरल्यावरही माणसाला एवढे दिवस का ठेवून घेतात, असे घरचे विचारतात. पण समूहात बोलायला, व्यायामाला आणि स्वतःकडे पाहायला तो खऱ्या अर्थाने तयार होतो तो त्यानंतरच. पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गटही तितकाच मोलाचा आहे. नवरा पंधरा दिवस कोरडा राहिला म्हणून वर्षानुवर्षांचा धसका जात नाही. ती तोंडाचा वास घेते, खिसे तपासते. त्याला वाटते एवढे करूनही विश्वास नाही. दोघांचेही खरे असते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यपानाशी निगडित समस्यांसाठी मदतीची गरज आहे, आणि मद्यावलंबी झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. ही दरी भरतात त्या जाहिरातीतल्या ‘गुपचूप जेवणात मिसळा’ छापाच्या पावडरी. त्यांत काय असते हे घेणाऱ्याला कळत नाही. कधी घरचेच डायसल्फिरामच्या गोळ्या कुटून भाजीत घालतात. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये मद्यविरोधी गुण लक्षात आलेले हे औषध दारूच्या विघटनात तयार होणारे ॲसिटाल्डिहाइड शरीरात साचवते. त्यावर प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. रुग्णाच्या संमतीने आणि घरच्यांच्या देखरेखीखाली घेतल्यास हेच औषध अनेकांना उपयोगी पडते. ओढ कमी करण्यासाठी नालट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट, तर यकृताचा आजार असल्यास बॅक्लोफेन, असे पर्यायही डॉक्टर देतात. सल्ल्यासाठी व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ या निःशुल्क सेवा आहेत. आकडी, भ्रम, ताप किंवा सतत उलट्या असतील तर फोनवर न थांबता जवळचे रुग्णालय गाठावे.