बचावपटूला किती माहीत असावं?

'मॅडन एनएफएल' हा अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार जुनी आहे. आपण पास टाकतो, तो झेलणारा आपला खेळाडू, म्हणजे रिसीव्हर, मोकळा असतो. वाटेतला लाइनबॅकर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा मधल्या फळीतला बचावपटू, चेंडूकडे पाठ करून धावत असतो. तो मान न वळवता उडी मारतो, हात वर करतो आणि चेंडू थेट त्याच्या हातात! गेमर मंडळींच्या लेखी असे बचावपटू मनकवडे. तक्रार अगदी रास्त आहे, आणि तिच्या मुळाशी प्रोग्रॅमरचा आळस नसून एक खरा वैज्ञानिक प्रश्न आहे.

आधी खेळाविषयी थोडं. हा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू, मैदानाची रुंदी साधारण 49 मीटर. (1988 साली पहिला गेम आला त्याआधी, संगणकाला झेपावं म्हणून खेळाडू कमी करू या, असा प्रस्ताव होता. प्रशिक्षक जॉन मॅडन यांनी अकराचाच आग्रह धरला. वास्तवाचा हट्ट इतका जुना आहे.) पास टाकणाऱ्या खेळाडूला, म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकायला अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. बचावातले चौघे सहसा त्याच्या अंगावर जातात आणि उरलेले सात पास अडवतात.

आता चेंडू हातातून सुटतो तो क्षण पाहू. गेममध्ये वेग, कोन, गुरुत्वाकर्षण हे सगळं संगणकाच्याच ताब्यात. पडद्यावर सेकंदाला 60 चौकटी (फ्रेम) धरल्या, तर चेंडू कुठे पडणार हे त्याला पहिल्याच चौकटीत, म्हणजे 17 मिलिसेकंदांत कळू शकतं. माणसाला नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायलाही 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, आणि दोन-तीन पर्यायांतून निवड करायची असेल तर त्याहून जास्त. सेकंदाला 8 मीटर धावणारा बचावपटू पाव सेकंदात 2 मीटर जातो. चेंडू हवेत असतो जेमतेम एक-दीड सेकंद. त्यात 2 मीटरची आघाडी मिळाली की पास अडवल्यातच जमा. शिवाय रिसीव्हर कुठे वळणार हेही प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेलं असतं. ते बचावपटूपर्यंत पोहोचू दिलं, तर खेळ संपलाच.

खऱ्या कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरवर पहारा देणाऱ्या कडेच्या बचावपटूला, यातलं काहीच ठाऊक नसतं. एकास एक पहारा देताना तो रिसीव्हरच्या कमरेवर नजर ठेवतो, कारण डोकं आणि खांदे हूल देतात, कंबर सहसा देत नाही. चेंडू त्याच्या पाठीमागे असतो. रिसीव्हरचे डोळे मोठे झाले, हात वर गेले की चेंडू आला, हे तो ताडतो आणि मग मान वळवतो. मानवी डोळ्याला अगदी स्पष्ट दिसणारा भाग दोनेक अंशांचाच असतो. एकाच वेळी माणूसही पाहायचा आणि चेंडूही, हे जमत नाही.

मान वळवल्यावर काय होतं, ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. 1968 साली सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं की उंच चेंडू झेलायला तो कुठे पडेल याचं गणित करावंच लागत नाही. नजरेच्या उंचीकोनाचा टॅन्जंट एकसारख्या गतीने वाढत राहील अशा बेताने धावत राहिलं, की आपण आपोआप योग्य जागी पोहोचतो. 1993 मध्ये पीटर मॅक्लिऑड आणि झोल्टान डिनेस यांनी धावत झेल घेणाऱ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा त्यांचं धावणं याच धर्तीचं निघालं. लाँग-ऑनवरचा क्षेत्ररक्षक झेलाखाली येताना चेंडूवरून नजर हटवत नाही, त्याचं कारण हेच. गेममध्ये मात्र आधी जागा ठरते आणि मग खेळाडू तिथे धाडला जातो. खरा बचावपटू घडवायचा तर त्याला ती जागा सांगायचीच नाही, फक्त कोन द्यायचा, आणि तोही चेंडू त्याच्या नजरेत असेल तेव्हाच.

शरीराचीही मर्यादा आहे. सेकंदाला 8 मीटरने धावणाऱ्याला अर्ध्या सेकंदात थांबायचं तर जमिनीकडून स्वतःच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक आडवं बल मिळायला हवं. बुटाला खिळे असले तरी ते अवघडच. म्हणून वळायला दोन-तीन पावलं जातात. रिसीव्हर वळला त्याच चौकटीत त्याच्यासोबत वळणारा गेममधला बचावपटू म्हणूनच डोळ्याला खुपतो.

झोन बचावाची, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा नेमलेला भाग राखण्याची, गोष्ट उलटी आहे. त्यातल्या 'कव्हर थ्री' या रचनेत मागचे तिघे रुंदीचे तीन भाग वाटून घेतात. जुन्या गेममध्ये झोनमधले खेळाडू नेमल्या जागी जाऊन नुसते उभे राहत. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडच्या संघात बिल बेलिचिक आणि निक सेबन या प्रशिक्षकांनी झोनलाच नियम जोडले. आतला रिसीव्हर सरळ खोलवर गेला तर त्याला अमक्याने उचलायचं, आडवा गेला तर तमक्याने. इथे संगणकाला जास्त शिकवावं लागतं, कमी नाही.

हे जमलं की नाही ते कसं तपासायचं? एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि ती सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते. या नोंदींच्या विश्लेषणासाठी लीग भरवते त्या 'बिग डेटा बाऊल' स्पर्धेचा 2021 सालचा विषय पासविरुद्धचा बचाव हाच होता. लीगमध्ये शंभरातले 64-65 पास पूर्ण होतात, तर दोन-अडीचच प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागतात. पण गेमचे आकडे या सरासरीशी जुळले म्हणून मी समाधान मानणार नाही. फासे टाकूनही सरासरी जुळवता येते. मान कधी वळली, पहिलं पाऊल कधी पडलं, यांची वेळ नोंदींशी जुळायला हवी. कठीण पातळीवर बचावपटूंना जास्तीचा वेग किंवा जास्तीची माहिती देणं तर मला सरळ फसवणूक वाटते.

2005 साली आलेल्या 'मॅडन एनएफएल 06'मध्ये क्वार्टरबॅकच्या डोळ्यांसमोर प्रकाशाचा एक शंकू दिसायचा आणि त्याबाहेर टाकलेल्या पासचा नेम बिघडायचा. अनेकांना ते जाचक वाटलं आणि पुढे तो शंकू गेला. मला तो परत हवा आहे, पण सातही बचावपटूंना, पडद्यावर न दाखवता. चेंडू ज्याच्या शंकूत नाही, त्याच्यापुरता तो फेकलाच गेलेला नाही.