सूर्यदाह : डोंगरभटकंतीतील प्रतिबंध व उपचार

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्वचेला होणाऱ्या इजेला सूर्यदाह म्हणतात. बोलण्यात तिला ‘कातडी भाजणे’ म्हणतात आणि सनबर्न हा शब्दही आता रुळला आहे. ऊन लागणे, म्हणजे उष्माघात, हा वेगळा विकार आहे. त्यात शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढते, तर सूर्यदाहाला हवा गरम असावी लागत नाही. सातारा जिल्ह्यात फिरणाऱ्याने हा भेद मुद्दाम ध्यानात ठेवावा, कारण कास पठारावर किंवा महाबळेश्वरच्या कड्यांवर वारा गार असल्याने उन्हाचा चटका जाणवत नाही आणि माणूस निर्धास्तपणे तासन्‌तास उघड्यावर राहतो.

हा दाह मुख्यतः 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे होतो. त्यांनी पेशींतील डीएनएला इजा होते, दाहकारक द्रव्ये स्रवतात आणि रक्तवाहिन्या रुंदावून त्वचा लाल, गरम व हुळहुळी होते. लाली 3 ते 5 तासांनी दिसू लागते आणि 12 ते 24 तासांत सर्वाधिक होते. म्हणून अजिंक्यतारा किल्ल्यावर काही न वाटलेल्या माणसाला रात्री सदरा काढताना खांद्याला कापड लागताच कळ येते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य काही संरक्षण देते, मात्र ते पुरेसे नसते. अशा त्वचेवर लाली चटकन दिसत नसल्याने दुर्लक्षच अधिक होते. रापणे हीसुद्धा इजा झालेल्या त्वचेचीच प्रतिक्रिया आहे.

समुद्रसपाटीपासून दर 1000 मीटर उंचीला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते आणि कास पठार साधारण 1200 मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला साताऱ्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. फुलांच्या हंगामात, सप्टेंबरच्या मध्यालाही, तो 70 अंशांहून वर असतो. विरळ ढगांतून बहुतांश अतिनील किरणे खाली पोहोचतात. त्यातच सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, कातळावर माती जेमतेम असल्याने सावलीला मोठे झाड सापडत नाही. सीतेची आसवे किंवा तेरडा जवळून पाहण्यासाठी माणूस वाकतो, त्या वेळी मानेची मागची बाजू सरळ आकाशाकडे होते. परतणाऱ्यांच्या माना भाजलेल्या दिसतात त्या यामुळेच.

प्रतिबंधात वेळ आणि कापड यांना मलमाहून अधिक महत्त्व द्यावे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर उघड्यावर थांबणे टाळावे. पहाटे चढून दहाच्या आत उतरण्याची गिर्यारोहकांची रीत यासाठीही योग्य आहे. लोणंद ते फलटण या पालखीमार्गावर दिवसभर चालणाऱ्यांच्या डोक्यावरील गांधी टोपी कान, नाक व मान झाकत नाही. तीवरून उपरणे घेतल्यास ही उणीव भरून निघते. घट्ट विणीचे, गडद रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कापड उत्तम. पातळ पांढरे सुती कापड ओले झाले की त्यातून किरणे अधिक आत जातात. किमान 30 एसपीएफचे (ऊन-संरक्षण गुणांकाचे) सनस्क्रीन निघण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटे आधी लावावे. चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे आणि दर दोन तासांनी, घाम आल्यास त्याआधीही, पुन्हा लावावे. कान, पायांचे वरचे भाग व केसांचा भांग हमखास राहून जातात. सहा महिन्यांखालील बाळाला सनस्क्रीनऐवजी सावलीतच ठेवावे. खोबरेल तेलाने मिळणारे संरक्षण अगदीच तोकडे असते. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासारख्या काही औषधांनी त्वचा लवकर भाजते, हेही अशी औषधे घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

उपचारात प्रथम सावली गाठावी. गार पाण्यात भिजवलेले मऊ फडके 10 ते 15 मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवावे. बर्फ थेट लावू नये. त्वचा किंचित ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर लावावा. तूप, टूथपेस्ट यांचा थर देऊ नये. लिंबाचा रस तर मुळीच लावू नये, कारण तो लागलेल्या जागी पुन्हा ऊन पडल्यास फोड व काळे डाग उठू शकतात. पाणी, ताक वरचेवर घ्यावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. फोड फोडू नयेत, फुटल्यास स्वच्छ धुऊन झाकावेत. फोड मोठ्या भागावर पसरले, ताप, उलट्या किंवा गोंधळल्यासारखे होऊ लागले, अथवा लहान बाळाला दाह झाला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. काही दिवसांनी कातडी सोलू लागते; ती ओढून काढू नये आणि खालची नवी त्वचा पुरती भरेपर्यंत तो भाग उन्हात कापडाखाली ठेवावा.