अठराव्या शतकातील पोर्तुगीज सैन्य: गणवेश आणि रचनेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

मराठी वाचकाच्या मनात अठराव्या शतकातला पोर्तुगीज सैनिक उभा राहतो तो बहुधा वसईच्या तटावर, 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेला तोंड देणारा. मात्र गडद निळ्या कोटातली, रेजिमेंटागणिक वेगळ्या रंगाचे काठ लावलेली जी पलटण पोर्तुगालच्या सैन्याची म्हणून चित्रांत दिसते, तिचा नियम 1764 चा आहे, म्हणजे वसई पडल्यानंतर पंचवीस वर्षांनी झालेला. या सैन्याच्या पोशाखाचा अभ्यास करू पाहणाऱ्याने म्हणूनच आधी वर्ष निश्चित करावे आणि मगच रंगाकडे वळावे. त्या शंभर वर्षांत सैन्याची रचना, पगाराची व्यवस्था आणि कापड पुरवणारे हात हे सगळे बदलले, आणि गणवेश या तिन्हींना बांधलेला होता.

सतराव्या शतकात, स्पेनपासून फुटून निघाल्यानंतरच्या दीर्घ युद्धात, पोर्तुगालचे पायदळ स्पॅनिश धर्तीच्या ‘तेर्सो’ नावाच्या पथकांत विभागलेले होते आणि पथकप्रमुखाला ‘मेस्त्र दी कांपु’ म्हणत. स्पॅनिश वारसायुद्धात पोर्तुगाल 1703 मध्ये इंग्लंड, हॉलंड आणि ऑस्ट्रिया यांच्या बाजूने उतरला आणि ते युद्ध चालू असतानाच, 1707 च्या नव्या कायद्याने, तेर्सोंची रेजिमेंटे झाली व पथकप्रमुखाला ‘कर्नल’ हे पद मिळाले. कागदपत्रात ‘तेर्सो’ शब्द दिसला की तो मजकूर त्याआधीचा, असे मात्र समजू नये. पहिल्या फळीतल्या पगारी पायदळापुरता हा बदल होता, दुसऱ्या फळीतली साहाय्यक पथके पुढेही जवळजवळ शतकभर तेर्सो म्हणूनच ओळखली गेली आणि 1796 मध्ये त्यांना मिलिशिया रेजिमेंट हे नाव मिळाले.

या फळ्यांची व्यवस्था नीट समजून घेतल्याशिवाय गणवेशाचा एकही प्रश्न सुटत नाही. पहिली फळी कायम पगारी सैन्याची होती. दुसरी साहाय्यकांची, ज्यांना एरवी घरी राहून शेती-धंदा करता येई आणि गरज पडली की बोलावणे येई. तिसरी फळी ‘ओर्देनान्सा’, जिची घडी 1570 मध्ये राजा सेबॅस्टियनने बसवली होती. गावातला जो धडधाकट पुरुष पहिल्या दोन फळ्यांत नाही तो या तिसरीत मोडे, तिचा प्रमुख स्थानिक प्रतिष्ठित असे आणि पहिल्या फळीसाठी भरतीचे जवान याच यादीतून उचलले जात. या लोकांना गणवेश नव्हता. ते अंगावरच्या कपड्यांनिशी, हाताला लागेल ते शस्त्र घेऊन येत. तेव्हा एखाद्या लढाईच्या वर्णनात ‘पोर्तुगीज सैन्य’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्यातले किती जण कोणत्या फळीतले होते हा पहिला प्रश्न, आणि त्यांनी काय घातले होते हा त्यानंतरचा.

राजा पाचव्या जोआंवच्या दीर्घ कारकिर्दीत ब्राझीलचे सोने येत होते, पण सैन्याकडे दुर्लक्ष झाले. त्यानंतर 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त केले. नदीकाठचा राजवाडा त्यातल्या ग्रंथसंग्रहासह नाहीसा झाला आणि किल्ल्यातला राज्याच्या दफ्तराचा बुरूज, तोर्रे दु तोम्बु, कोसळला. त्या वेळी दफ्तराचे प्रमुख होते मानुएल दा माया, वय अठ्ठ्याहत्तर, आणि तेच राज्याचे मुख्य लष्करी अभियंतेही होते. ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढून त्यांनी ते तात्पुरत्या लाकडी निवाऱ्यात हलवले. शतकाच्या पूर्वार्धातील सैन्याविषयी आज जे काही वाचता येते त्यातला मोठा भाग या वृद्ध माणसाच्या तत्परतेमुळे वाचला आहे, आणि या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

खरी कलाटणी 1762 ची. सप्तवार्षिक युद्धाच्या अखेरीस स्पेनने पोर्तुगालवर स्वारी केली आणि ऑगस्टमध्ये अल्मेइदाचा किल्ला पडला. पोंबाल या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याने इंग्लंडकडे मदत मागितली. तिकडून ब्रिटिश पलटणी आल्या आणि सरसेनापती म्हणून आला विल्हेल्म, शाउमबुर्ग-लिपे या छोट्या जर्मन संस्थानाचा अधिपती. मोठी लढाई टाळून त्याने डोंगराळ वाटा अडवल्या. उपासमार, रोगराई आणि गावकऱ्यांचे छापे यांनी शत्रूला परतवले. पुढच्या वर्षी तह झाला, पण लिपे 1764 पर्यंत थांबला आणि प्रशियाच्या शिरस्त्यावर सैन्य नव्याने बांधू लागला. पायदळाची कवायत व शिस्त यांची नियमावली 1763 मध्ये निघाली, घोडदळाची त्यामागोमाग. 1763 मध्येच पगार वाटणारी जुनी कचेरी मोडून स्वतंत्र लष्करी खजिने उभारले गेले. स्पेनच्या सीमेजवळच्या एल्व्हाश शहरासमोरच्या टेकडीवर त्याच्या आराखड्याने सुरू झालेला किल्ला 1792 मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे.

गणवेशाचे 1764 चे आज्ञापत्र याच सुधारणेचा भाग होते. पायदळासाठी गडद निळा कोट ठरला आणि बाहीचे काठ, गळपट्टी यांसारख्या भागांच्या रंगांवरून रेजिमेंट ओळखावे अशी योजना झाली. त्याच वर्षी सेर्रा द इश्त्रेला पर्वताच्या कुशीतल्या कोव्हिल्यां गावी बनातीचा सरकारी कारखाना निघाला. हा योगायोग मानण्याचे कारण नाही. इंग्लंडशी झालेल्या मेथुएन व्यापारी करारामुळे 1703 पासून इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ मोकळी झाली होती, आणि स्वतःच्या सैनिकाच्या अंगावर तरी देशी बनात असावी हा पोंबालच्या धोरणाचा गाभा होता. त्या कारखान्याच्या इमारतीत आता विद्यापीठ आणि लोकर उद्योगाचे संग्रहालय आहे, आणि तळमजल्यावर रंगाईच्या भट्ट्यांचे व हौदांचे दगडी अवशेष जपलेले आहेत. गडद निळा रंग चढवण्यासाठी कापड निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवावे लागे, प्रत्येक वेळी बाहेर काढून हवेवर धरावे लागे, आणि हौदातली नीळ उतरत गेली की छटाही फिकी पडे. एकाच रेजिमेंटाच्या दोन वर्षांच्या कोटांचा निळा रंग तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवणे म्हणून चुकीचे आहे. आज्ञापत्र सांगते ते ‘काय असावे’, आणि ‘काय होते’ याचा शोध कापडाच्या पावत्या, थकीत पुरवठ्याच्या तक्रारी आणि तपासणीचे अहवाल यांत घ्यावा लागतो.

चित्रसाधनांत सर्वांत लोभस म्हणजे वाड्यांच्या जिन्यांवर निळ्या-पांढऱ्या फरशांत रंगवलेली पुरुषभर उंचीची, पाहुण्यांचे स्वागत करणारी माणसे. त्यांत भालदार आहेत, सैनिकही आहेत. कोटाचा घेर, बटणांची ओळ, टोपीची घडी त्यांत बारकाईने दिसते, पण दोनच रंगांचे ते काम असल्याने रंगाबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि शोभेसाठी काढलेला पोशाख नियमाप्रमाणे असेलच असेही नाही. याउलट रेजिमेंटांच्या नोंदवह्या रूक्ष असल्या तरी अनमोल आहेत. त्यांत सैनिकाचे नाव, आईबापांची नावे, जन्मगाव, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग असा तपशील मिळतो. माझ्या मते नवशिक्याने चित्रांपेक्षा या वह्यांपासून आरंभ करावा, कारण रेजिमेंटाची भरती, संख्या आणि वावर कळल्यावर चित्र तपासण्याची नजर येते.

समुद्रापलीकडचे धागेही सोडता येत नाहीत. मौरा, ब्रागांसा आणि इश्त्रेमोझ ही तीन रेजिमेंटे 1767 मध्ये रिओ द जानेरोला गेली, सोबत लिपेच्या हाताखाली तयार झालेला जनरल ब्योम होता, आणि नवी शिस्त त्याच्याबरोबर ब्राझीलमध्ये पोहोचली. गोव्याचा धागा आणखी जवळचा आहे. व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द अल्मेइदा याने 1746 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडण्यातला हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या किल्ल्यावरून त्याला ‘अलोर्नाचा मार्किस’ हा किताब मिळाला. त्याचाच नातू, तिसरा मार्किस, 1796 मध्ये पोर्तुगालात उभारलेल्या हलक्या पलटणींच्या लीजनचा प्रमुख झाला. हळर्णचे नाव असे लिस्बनच्या लष्करी कागदांत जागोजागी भेटते. लिस्बन आणि गोवा यांच्यातला वर्षावर्षाचा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी तो संग्रह लावण्यात आयुष्य वेचले, आणि इथल्या पथकांचा पोशाख व पगार यांविषयी लिहायचे तर त्याला पर्याय नाही.

शेवटची अडचण नावांची. रेजिमेंटे गावांच्या नावाने ओळखली जात, काही कर्नलच्या नावाने, आणि लिस्बनमधले एक खुद्द लिपेच्या नावाने. 1806 मध्ये चोवीस पायदळ रेजिमेंटांना क्रमांक मिळाले, तेव्हा लिपेचे रेजिमेंट पहिले ठरले, पेनिशचे तेरावे, ब्रागांसाचे चोविसावे. एल्व्हाशची दोन रेजिमेंटे पाचवे आणि सतरावे झाली, पोर्तूची सहावे आणि अठरावे. त्याच वर्षी गणवेशाचा नवा नियमही निघाला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे या नियमाची चित्रे सर्वांत जास्त प्रसिद्ध झाली आहेत, आणि क्रमांक लिहिलेले चित्र अठराव्या शतकाचे म्हणून पुढे आले तर ते तिथल्या तिथे बाजूला ठेवावे.