चौसष्ट कला

चौसष्ट कला : प्राचीन व मध्ययुगीन भारतीय ग्रंथांतून आढळणारी कलांची पारंपरिक गणना. गणपतीला 'चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती' म्हणण्याचा प्रघात मराठीत इतका रुळला आहे, की या दोन्ही गणना मुळात जोडीनेच आल्या असाव्यात असा समज सहज होतो. प्रत्यक्षात चौदा विद्यास्थाने (चार वेद, सहा वेदांगे, पुराण, न्याय, मीमांसा व धर्मशास्त्र) याज्ञवल्क्यस्मृतीसारख्या धर्मग्रंथांतली, तर कलांची सर्वांत परिचित यादी वात्स्यायनाच्या कामसूत्रातली आहे. कलांची एकच एक प्रमाण यादी उपलब्ध नाही. ग्रंथागणिक नावे, क्रम आणि कधीकधी संख्याही बदलते. म्हणून कोणतीही यादी उद्धृत करताना ती कोणत्या ग्रंथातली हे सांगणे आवश्यक ठरते.

कामसूत्राचा काळ सामान्यतः इ. स. तिसऱ्या शतकाच्या आसपास धरला जातो. काही अभ्यासक तो मागेपुढे नेतात. पहिल्या अधिकरणाच्या (विभागाच्या) तिसऱ्या अध्यायात ही यादी येते. गीत, वाद्य, नृत्य व आलेख्य (चित्र) यांनी ती सुरू होते आणि लगेच तांदूळ व फुलांच्या आकृती, पुष्पशय्या, अंगराग, रत्नजडित भूमी यांकडे वळते. पुढे सुगंधी द्रव्ये, भाज्या व सार, पेये, शिवणकाम, वेतकाम, सुतारकाम, वास्तुविद्या, रत्नपरीक्षा, वृक्षायुर्वेद, मेंढे-कोंबडे-लावे यांच्या झुंजी, पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, द्यूत आणि मुलांची खेळणी अशी सरमिसळ आहे. साहित्याशी संबंधित कला लक्षणीय संख्येने आहेत : प्रहेलिका (कोडी), समस्यापूर्ती, छंदोज्ञान, अभिधानकोश, उच्चारायला अवघड श्लोकांचा 'दुर्वाचकयोग', आणि भेंड्यांची पूर्वज म्हणावी अशी 'प्रतिमाला'. मूर्तिशिल्पाला स्वतंत्र स्थान नाही. 'तक्षण' हे सुतारकाम होय. यादीच्या शेवटच्या वैनयिकी (शिष्टाचाराची), वैजयिकी (विजय मिळवण्याची) व व्यायामिकी (व्यायामाची) या तीन विद्या वेगळ्या मोजल्या, तरच बेरीज बरोबर चौसष्ट होते. काही आधुनिक संकलनांत 'मणिरागाकरज्ञान' (रत्नांचे रंग व खाणी यांचे ज्ञान) हे एकच पद फोडून दोन कला केलेल्या असतात. मग दुसरीकडे कुठेतरी दोन पदे एकत्र करावी लागतात.

चौसष्ट हीच संख्या का, याबद्दल मतभेद आहेत. चंद्राच्या सोळा कलांची चौपट हा खुलासा लोकप्रिय असला तरी वात्स्यायन तो देत नाही. दुसऱ्या अधिकरणात संप्रयोगाच्या (समागमाच्या) अंगांनाही 'चतुःषष्टी' हीच संज्ञा आहे व तिच्याविषयीची पूर्वाचार्यांची मते तो नोंदवतो : शास्त्राची अंगे चौसष्ट म्हणून, कला चौसष्ट म्हणून, किंवा ऋचांनाही ही संज्ञा आहे आणि पांचालाशी संबंध आहे म्हणून ऋग्वेद्यांनी आदराने दिलेले नाव. (ऋग्वेदाचे आठ अष्टक, प्रत्येकी आठ अध्याय, म्हणजे एकूण चौसष्ट अध्याय होतात.) बाभ्रव्य या पूर्वाचार्याचे अनुयायी आठ अंगांचे प्रत्येकी आठ प्रकार मोजत. यावर वात्स्यायनाचा स्वतःचा निर्णय असा, की प्रकार कमीजास्त दिसतात. सबब हा 'प्रायोवाद' (ढोबळ बोलण्याची रीत) आहे, जसे सप्तपर्ण वृक्ष किंवा पंचवर्ण बली. सप्तपर्णाची प्रत्येक डहाळी काही सात पानांची नसते. हे विधान कलांच्या यादीला उद्देशून केलेले नाही, हे खरे. पण संख्येकडे पाहण्याची त्याची दृष्टी त्यातून कळते आणि कलांच्या बाबतीतही तीच ग्राह्य मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

यादीतील बरीच पदे टीकेवाचून उलगडत नाहीत. यशोधराची जयमंगला ही टीका बहुधा १३व्या शतकातली आहे. त्याने मूलकलांची एक निराळी विभागणी दिली आहे : कर्माश्रित २४, द्यूताश्रित २०, शयनोपचारिक (शय्येशी संबंधित) १६ व उत्तरकला ४. त्यांच्या पोटातील अंतरकला ५१८ भरतात, असेही तो म्हणतो. 'उदकवाद्य' म्हणजे पाण्यावर मुरजासारखा (मृदंगासारखा) ताल धरणे, हा त्याचा अर्थ. मराठी-हिंदी संकलनांत इथे सर्रास 'जलतरंग' दिलेले असते. वाट्यांच्या वाद्याचा टीकेत काहीच आधार नाही. 'म्लेच्छितविकल्प' या सांकेतिक लेखनाच्या कलेखाली तो कौटिलीय व मूलदेवीय अशा पद्धती सांगतो. त्यांत अक्षरांची ठरावीक अदलाबदल करून मजकूर गूढ केला जाई.

'आलेख्य' या पदावर यशोधराने दिलेला श्लोक तर मूळ यादीपेक्षाही जास्त चर्चिला गेला. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य व वर्णिकाभंग (रंगयोजना) ही त्यात सांगितलेली चित्राची षडंगे, म्हणजे सहा अंगे. अवनींद्रनाथ टागोर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांवर लिहिले आणि चिनी समीक्षक श्ये हो याच्या सहा तत्त्वांशी त्यांचे नाते सुचवले. श्ये होचा काळ इ. स. ५००च्या सुमाराचा. यशोधराने श्लोक जुन्या परंपरेतून घेतला असणे शक्य आहे. तथापि दोन्हीकडे सहा ही संख्या समान असणे, एवढ्यावरून देवाणघेवाण सिद्ध होत नाही.

जैन आगमांत पुरुषांच्या ७२ कला व स्त्रियांचे ६४ गुण असा भेद आढळतो. कल्पसूत्रानुसार हे ज्ञान ऋषभदेवाने दिले. त्यात लेखन पहिले व गणित प्रधान. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात बोधिसत्त्वाच्या नैपुण्याची यादी ऐंशीच्या पुढे जाते व तिच्यात धनुर्विद्या, कुस्ती यांसारख्या क्षत्रियोचित कला ठळक आहेत. भागवताच्या दशम स्कंधात राम-कृष्ण सांदीपनींकडे चौसष्ट अहोरात्रांत तितक्याच कला शिकले, एवढाच उल्लेख आहे. नावे टीकाकारांनी पुरवली. क्षेमेंद्राने (११वे शतक) कलाविलासात गणनेच्या या हौसेचीच थट्टा केली आणि सोनारांच्या हातचलाखीलाही कला म्हणून मोजले.

शुक्रनीतिसार या राजनीतीवरील ग्रंथातील यादी काळजीपूर्वक वापरावी लागते. तीत ३२ विद्या व ६४ कला असून गांधर्ववेदाच्या ७, आयुर्वेदाच्या १०, धनुर्वेदाच्या ५ व इतर ४२ अशी कलांची वाटणी आहे. दूध काढणे, घुसळणे, भांडी घासणे, कपडे धुणे, हजामत ही कामेही तिथे कला ठरतात. विद्या व कला यांतील तिचा भेद नेमका आहे : जे वाणीने साधते ती विद्या, मुका माणूसही जे करू शकतो ती कला. गुस्ताव ओपर्ट यांनी १८८२ मध्ये ग्रंथ संपादित केला व तो प्राचीन मानला. ग्रंथात बंदुका आणि दारूगोळ्याचे वर्णन येत असल्याने त्यावर शंका घेतल्या गेल्या. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ मध्ये तो १९व्या शतकातला असल्याचे प्रतिपादन केले. ग्रंथाचा काही भाग जुना असू शकेल. पण ही यादी प्राचीन काळचा पुरावा म्हणून देणे टाळलेले बरे.

कला शिकवायच्या कशा, याचीही चर्चा कामसूत्रात आहे. स्त्रियांना शास्त्र कळत नाही, मग त्यांना ते शिकवणे व्यर्थ, असा आक्षेप वात्स्यायन मांडतो आणि खोडतो : प्रयोग त्यांना कळतो व प्रयोग शास्त्रावरच उभा असतो. व्याकरण न शिकलेले याज्ञिकही मंत्रांत योग्य फेरफार करतातच, हा त्याचा दाखला. मुलीने दूधबहीण, मैत्रीण, समवयस्क मावशी, जुनी विश्वासू दासी, भिक्षुणी किंवा बहीण यांच्याकडून शिकावे आणि एकांतात सराव करावा. पतीचा वियोग झाला तरी परमुलखातही ती या विद्यांवर सुखाने जगू शकते, असेही तो सांगतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाची भूमिका वेगळी : तिथे मार्कंडेय वज्र राजाला सांगतो, की चित्रसूत्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य व वाद्यासाठी गीत आधी जाणावे लागते. म्हणजे तिथे कला सुट्या मोजलेल्या नसून एकीत एक गुंतलेल्या आहेत.

विविध याद्यांचा पहिला पद्धतशीर तौलनिक अभ्यास ए. वेंकटसुब्बय्या यांनी केला (१९११). ललित व उपयुक्त अशी आज रूढ असलेली विभागणी या याद्यांना लागू पडत नाही. संगीत, काव्य, चित्र, शिल्प व नृत्य यांचा वेगळा गट युरोपात शार्ल बात्यो याने १७४६ मध्ये बांधला. आपल्याकडील कलाशिक्षणात तो वसाहतकाळात आला.

महाराष्ट्राशी निगडित सामग्री त्रोटक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (११२९) चौसष्ट कलांची गणना नाही; त्याचे शंभर अध्याय पाच विंशतींत (वीस-वीसच्या गटांत) विभागले आहेत. पण पाककृती, सुगंध, चित्र, गीत, मेंढ्या-कोंबड्यांच्या झुंजी असे कामसूत्रातले बरेच विषय तिथे तपशिलाने भेटतात आणि गीतांच्या उदाहरणांत मराठीही आहे. तांदूळ-फुलांच्या आकृतींचा रांगोळीशी संबंध जोडला जातो. यशोधराचे वर्णन रंगीत अखंड तांदळांनी मंदिराच्या फरशीवर काढलेल्या नक्षीचे आहे. पिठाच्या किंवा शिरगोळ्याच्या रांगोळीचे नाही.