पेंग्विनपासून पाच मीटर: हा नियम आला कुठून?

हल्ली अंटार्क्टिकाच्या सहलींच्या रील्समध्ये एक सीन सारखा दिसतो, लाल नाहीतर पिवळं जॅकेट घातलेला माणूस बर्फात उभा आणि एक पेंग्विन डुलत डुलत येऊन त्याचे बूट न्याहाळून जातो. खाली हमखास कोणीतरी विचारतं, उचलून घेता येतो का हो? नाही येत. प्राण्यांपासून पाच मीटर लांब राहायचं, फर सील (दाट केसाळ कातडीचा समुद्री प्राणी) असेल तर पंधरा, आणि पेंग्विन स्वतःहून जवळ आला तर गप उभं राहायचं. पण या नियमाच्या मागे गेलं की बरंच रक्त सांडलेलं दिसतं.

मुळात ते प्राणी आपल्याला घाबरत का नाहीत? तर अंटार्क्टिकात जमिनीवर त्यांना खाणारं कोणी नाहीच, अस्वलं सगळी उत्तरेला. धोका पाण्यातून, म्हणजे लेपर्ड सील, किलर व्हेल, नाहीतर वरून अंडी-पिल्लं पळवणारा स्कुआ पक्षी. दोन पायांवर चालत येणारं काही दिसलं की पळायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच नाही. आज लोक लाखो रुपये मोजतात ते याच भाबडेपणासाठी, आणि 200 वर्षांपूर्वी त्यांची कत्तल इतकी सोपी गेली तीही याचमुळं.

कॅप्टन कुक 1775 मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाला पोचला, त्यानं तिथल्या सीलबद्दल लिहिलं आणि मागोमाग शिकारी आले. एकट्या त्या बेटावरून 12 लाखांच्या आसपास कातडी गेली असा जेम्स वेडेलचा अंदाज होता, आणि तो स्वतःच सीलचा शिकारी, म्हणजे बघा. 1819 मध्ये अंटार्क्टिकाजवळची साउथ शेटलंड बेटं सापडली, तिथले फर सील मोजक्या दोन-तीन हंगामांत जवळपास साफ झाले. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या मॅक्वारी बेटावर तर न्यूझीलंडच्या जोसेफ हॅच नावाच्या व्यापाऱ्यानं पेंग्विन मोठ्या वाफेच्या टाक्यांत घालून तेल काढायचा धंदा चालवला, तो बंद व्हायला 1919-20 उजाडलं, त्याआधी अंटार्क्टिकाचा ऑस्ट्रेलियन संशोधक डग्लस मॉसन याच्यासारख्या लोकांनी त्याविरुद्ध बरीच बोंब मारली होती. व्हेलचं तेच, साउथ जॉर्जियावरच्या ग्रिटविकेनला 1904 मध्ये व्हेलचं तेल काढायचा कारखाना सुरू झाला तो साठच्या दशकापर्यंत चालला. आता क्रूझवाले तिथंच उतरवतात, गंजलेल्या टाक्यांच्या मधे फर सील आरामात लोळत असतात आणि जवळ गेलात तर फुस्स करून अंगावर धावून येतात, चावतातही. पंधरा मीटर उगाच नाहीत.

पर्यटन तसं उशिराच आलं. 1958 मध्ये अर्जेंटिनाचं जहाज प्रवासी घेऊन गेलं, पण आजचा साचा बसवला तो लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या टूरवाल्यानं. 1966 पासून त्यानं लोकांना तिकडं न्यायला सुरुवात केली, 1969 मध्ये खास याच कामासाठी छोटं जहाज बांधून घेतलं, सोबत जीवशास्त्रज्ञ लेक्चर द्यायला, आणि झोडियाक म्हणजे रबरी बोटीतून थेट किनाऱ्यावर. तेच जहाज पुढं दुसऱ्या मालकाकडं असताना 2007 मध्ये साउथ शेटलंडजवळ बर्फाला धडकून बुडालं, सुदैवानं सगळे 154 जण वाचले. 2011 पासून अंटार्क्टिकात मोठ्या जहाजांच्या जड इंधन तेलावर बंदी आली आणि मग बरीच मोठी जहाजं आपोआप कमी झाली.

नियम 1991 मध्ये नीट बसले. त्या वर्षी पर्यावरणाचा माद्रिद करार झाला आणि त्याच वर्षी अंटार्क्टिकाला नेणाऱ्या टूर कंपन्यांनी मिळून आयाटो (IAATO) ही आपली संघटना काढली. एका जागी एका वेळी 100 च प्रवासी उतरवायचे, 500 च्या वर प्रवासी असलेल्या जहाजानं कोणालाच उतरवायचं नाही, वगैरे. धंदेवाल्यांनीच धंद्याला लगाम घालायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि माझं मत विचाराल तर आता ते पुरत नाही, कारण 2023-24 च्या हंगामात सव्वा लाखाच्या आसपास पर्यटक गेले. भारत 1983 पासून अंटार्क्टिक करारात, म्हणजे तिथला कारभार ठरवणाऱ्या देशांच्या करारात आहे, आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि मे 2024 मध्ये कोचीला भरलेल्या करार-देशांच्या बैठकीत पर्यटनाचे नियम ठरवायला वेगळा गट बसवला गेला. बघू काय निघतं त्यातून.

त्यात 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बर्ड फ्लू साउथ जॉर्जियाला पोचला, 2024 मध्ये मुख्य खंडावरही सापडला. म्हणून आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅगसुद्धा खाली ठेवायची नाही. बूट जंतुनाशकात बुडवून घासायचे, बाहेरचं गवत तिथं रुजू नये म्हणून पँटच्या वेल्क्रोत अडकलेलं बी चिमट्यानं काढायचं, आणि हे नसेल झालं तर गाइड बोटीत चढूच देत नाही, तुम्ही तिकिटाचे कितीही पैसे भरलेले असोत.