ग्वांतानामोचा तुरुंग ओबामांनी बंद केला का?

क्यूबाच्या किनाऱ्यावरील ग्वांतानामो येथील, दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्यांना ठेवण्याचा अमेरिकी लष्करी तुरुंग बराक ओबामा यांनी बंद केला, असे आजही अनेकांच्या लिहिण्याबोलण्यात येते. ते खरे नाही. २२ जानेवारी २००९ रोजी, सत्तेवर आल्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांनी तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती एवढीच बातमी.

तुरुंग बंद करण्यासाठी मागितलेले ८ कोटी डॉलर त्याच वर्षी मे महिन्यात सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी नाकारले, आणि त्या ९० जणांत खुद्द ओबामांच्या पक्षाचे बहुतेक सदस्य होते. पुढे संरक्षण खर्चाच्या कायद्यातच असे कलम घातले गेले की, कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर, अगदी न्यायालयात उभे करण्यासाठीही, आणण्याकरिता लष्कराचा निधी वापरता येणार नाही. जानेवारी २०११ मध्ये ओबामांनी त्यावर आक्षेप नोंदवला, पण नकाराधिकार न वापरता सही केली. त्यांना दोष द्यायचा तर तो इथे द्यावा लागेल.

त्यांच्या काळात कैदी सुमारे २४० वरून ४१ वर आले, हेही विसरता कामा नये. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी तुरुंग बंद करण्याचा तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन पायउतार झाले तेव्हा तिथे १५ कैदी होते, आणि त्यांतील काहींवर कधीच आरोप ठेवला गेलेला नव्हता.